मात्सुएचा परदेशी मास्तर



परक्या मुलखात जाऊन राहावयाचे तर मनुष्याला काही निमित्त लागते. व्यापारी मालासाठी जातो, शिपाई हुकमाने जातो, मिशनरी धर्मासाठी जातो. गेल्या दीडशे वर्षांत या यादीत एका नव्या माणसाची भर पडली आहे, आणि तो म्हणजे इंग्रजी शिकवावयास गेलेला मास्तर. त्याच्याजवळ ना माल, ना पलटण, ना धर्मग्रंथ. ती भाषा येते, एवढेच त्याचे भांडवल. जपानात १९८७ पासून एक सरकारी योजना चालू आहे. तिच्यामार्फत परदेशांतील तरुण लहान गावांतल्या शाळांतही साहाय्यक शिक्षक म्हणून जातात, आठवडाभर शिकवतात आणि सुटी लागली की आसपासचा मुलूख पाहावयास निघतात. आज मला या तरुणांच्या एका पूर्वसुरीविषयी सांगावयाचे आहे. त्याचे नाव लाफ्काडिओ हर्न.

हा गृहस्थ जन्माने कुठला म्हणावा हाच प्रश्न आहे. आई ग्रीक, बाप आयरिश, जन्म १८५० साली लेफ्काडा या ग्रीक बेटावर, बालपण डब्लिनमध्ये, वर्तमानपत्रातली उमेदवारी अमेरिकेत. शाळेत असताना अपघाताने डावा डोळा गेला. उजव्या डोळ्याने जवळचे तेवढे दिसे. अशा माणसाने पुढे ‘पाहणे’ हाच धंदा करावा, हा दैवाचा विनोदच म्हणायचा. १८९० च्या एप्रिलमध्ये तो एका अमेरिकन मासिकाचा लेखक म्हणून योकोहामाला उतरला, थोड्याच दिवसांत मासिकाशी बिनसले, आणि पोटासाठी नोकरी शोधणे भाग पडले.

जपानला त्या काळी परदेशी माणसांची गरज होती. १८६८ नंतरच्या मेइजी राजवटीने आगगाड्या, आरमार, वैद्यक, कायदा असे सारे शिकून घेण्यासाठी हजारो परदेशी लोक करारावर नेमले. त्यांना ‘ओयातोई’ म्हणत. ‘यातोई’ म्हणजे पगारी नेमलेला, आणि आधीचा ‘ओ’ आदरार्थी. मराठीत सांगावयाचे तर मानाने ठेवलेला चाकर. मान खरा, पण करार संपला की चाकरीही संपली. हर्न आला तेव्हा ही भरती ओसरत चालली होती. तोक्यो विद्यापीठातले पंडित बेझिल हॉल चेंबरलेन यांनी शब्द टाकला आणि हर्नला शिमाने प्रांतातल्या मात्सुए गावी, माध्यमिक शाळेत व शिक्षकांच्या शाळेत, महिना १०० येनवर इंग्रजी शिकवण्याची जागा मिळाली.

मात्सुए जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे गजबजलेल्या बाजूच्या उलट अंगाला आहे. पॅसिफिकच्या बाजूने डोंगर ओलांडून जावयास तेव्हा रिक्षाने चार दिवस लागत. (आपण रोज उच्चारतो तो ‘रिक्षा’ शब्द जपानीच आहे, मूळ शब्दाचा अर्थ माणसाच्या बळाने चालणारी गाडी.) ऑगस्ट १८९० च्या अखेरीस तो तेथे पोहोचला. समोर शिंजी सरोवर, त्यातून वाहणारी नदी, वर किल्ला. पहाटे त्याला जाग येई ती पायाने दाबायच्या भल्या मोठ्या लाकडी मुसळाने भात कांडल्याच्या आवाजाने. मग देवळातली घंटा, मग फेरीवाल्यांच्या आरोळ्या. नंतर नदीकाठी तोंड धुऊन सूर्याकडे वळलेल्या लोकांच्या टाळ्या ऐकू येत, दर वेळी चार. देवापुढे दोन टाळ्या वाजवण्याची जपानभर रीत, पण इझुमोच्या मोठ्या देवळात चार. प्रवासी अशी गोष्ट एकदा ऐकतो आणि टिपून ठेवतो. मास्तरच्या कानावर ती रोज पडते, आणि कधीतरी तो विचारतो की चारच का.

मास्तरकीचा खरा लाभ येथेच आहे. तिचे वेळापत्रक माणसाला एका जागी बांधून ठेवते, पण गावात त्याला एक जागाही मिळवून देते. शाळेच्या निबंधांतून हर्नला जे कळले ते कोणत्या मार्गदर्शिकेत सापडले नसते. त्याच्या ध्यानात आले की फुजी पर्वतावर निबंध दिला तर मुले एकच उपमा देतात: आकाशात उलटा टांगलेला, अर्धवट उघडलेला पांढरा पंखा. आपल्यापैकी एखादा परीक्षक असता तर ‘नक्कल’ असा शेरा मारून मोकळा झाला असता. हर्नने त्याचा अर्थ असा लावला की मुलांना ही उपमा पाळण्यापासून मिळालेली आहे; ती त्यांच्या डोळ्यांतच बसली आहे, वहीत नंतर आली. शेरा मारण्याआधी तो थांबला, एवढ्यावरून मी त्याला चांगला मास्तर म्हणेन.

योकोगी नावाच्या त्याच्या एका विद्यार्थ्याची हकीकतही त्याने लिहून ठेवली आहे. मुलगा हुशार होता, आजारात खंगला, आणि अखेरच्या दिवसांत त्याने हट्ट धरला की एकदा शाळा पाहावयाची. थंडीच्या रात्री म्हाताऱ्या गड्याने त्याला पाठुंगळी घेतले आणि रस्त्याने नेऊन अंधारातली शाळेची इमारत दाखवून आणली. नंतर थोड्याच काळात मुलगा गेला. परदेशी मास्तराला हे कोणीतरी येऊन सांगितले. सांगण्याजोगा माणूस तो झाला होता.

आता भटकंतीकडे वळतो. सप्टेंबर १८९० मध्ये, येऊन महिना व्हायच्या आत, तो इझुमोच्या महादेवालयाला गेला. छोट्या आगबोटीने सरोवर ओलांडावयाचे, पुढे रिक्षा. तेथील देव ओकुनिनुशी हा ऋणानुबंध जुळवणारा. जुन्या पंचांगाच्या दहाव्या महिन्यात देशभरचे देव त्याच्याकडे जमतात आणि कोणाची गाठ कोणाशी बांधावयाची ते ठरवतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून इतरत्र त्या महिन्याला देवांवाचूनचा महिना म्हणतात आणि इझुमोत मात्र देव असलेला महिना. आपल्याकडे आषाढीला भक्त देवाकडे चालत जातात. तेथे देवच वारीला निघतात. या देवळाच्या आतल्या भागात प्रवेश मिळालेला हर्न हा पहिला युरोपीय गणला जातो. पण दार उघडले कशाने? शाळेतले सहकारी निशिदा सेन्तारो यांनी मुख्य पुजाऱ्यांना लिहिलेल्या पत्राने. दुभाषाचे काम अकिरा नावाच्या तरुणाने केले. हर्नजवळ स्वतःची अशी एक जिज्ञासाच होती.

मिहोनोसेकी बंदराची गोष्ट गमतीची आहे. तेथल्या देवाला कोंबड्याचा तिटकारा. देव रात्री मासेमारीला जाई आणि पहाटे आरवून त्याला परत बोलावण्याचे काम कोंबड्याकडे होते. एकदा कोंबडा विसरला. देवाची वल्ही हरवली होती, त्याला हातांनी पाणी ओढीत यावे लागले आणि मासे हात चावले. तेव्हापासून त्या गावात कोंबडी नाही, अंडे नाही. सकाळी अंडे खाऊन येणाऱ्याने तिकडे फिरकूच नये असे लोक म्हणत.

दुसरी जागा काका. (गावाचे नावच तसे आहे, नाते जोडू नका.) तेथे समुद्रात एक गुहा आहे. मेलेल्या लहान मुलांचे आत्मे रात्री तेथे येऊन दगडांच्या चवडी रचतात, अशी समजूत. खडकाने त्या मुलांचे पाय सोलवटू नयेत म्हणून येणारे लोक गवताच्या इवल्या इवल्या वहाणा तेथे ठेवून जातात. तीन केस हलतील एवढादेखील वारा असेल तर नाव तिकडे नेऊ नये, अशी नावाड्यांची रीत. ते दगड आणि त्या वहाणा यांचे हर्नने केलेले वर्णन १८९४ च्या त्याच्या जपानविषयक पहिल्या पुस्तकात आहे; ती पाने मला त्याच्या साऱ्या लेखनात श्रेष्ठ वाटतात, कारण तेथे तो जपानची वाखाणणी करावयाचे विसरला आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हर्नला जपानी पुस्तक धडपणे वाचता येत नसे. मग या कथा त्याला आल्या कोठून? १८९१ च्या आरंभी कोइझुमी सेत्सु ही निर्धन झालेल्या सामुराई घराण्यातली तरुणी त्याचे घर सांभाळावयास आली आणि पुढे त्याची पत्नी झाली. दोघे आपापसांत मोडक्या, व्याकरणाला रजा दिलेल्या जपानीत बोलत. ती जुन्या कथा शोधून वाची आणि त्याला सांगे. पुस्तकातून वाचून दाखवलेले त्याला चालत नसे, तिच्याच शब्दांत हवे असे. हे तिने पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे. मात्सुएतला एक विद्यार्थी, ओतानी, तोक्योला शिकत असताना त्याला माहिती गोळा करून देई आणि हर्न त्याबद्दल त्याला पैसे देई. मुखपृष्ठावर नाव मात्र एकाचे.

याच सुमारास सर एडविन आर्नल्ड जपानात राहून गेले. १८५७ च्या सुमारास पुण्यातल्या सरकारी संस्कृत कॉलेजचे, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजचे, ते प्रिन्सिपॉल होते. पण ते गेले ते नामांकित पाहुणे म्हणून. हर्नला महिनाअखेरीस पगार घ्यावयाचा होता, आणि माझ्या मते त्यामुळेच त्याला अधिक दिसले.

मात्सुएच्या हिवाळ्याने त्याची प्रकृती खचली. नोव्हेंबर १८९१ मध्ये तो दुप्पट पगारावर दक्षिणेला कुमामोतोस गेला. तेथे लष्करी छावणीचे गाव, अलिप्त सहकारी. मन रमले नाही. मग कोबेत वर्तमानपत्र, आणि १८९६ साली तोक्यो विद्यापीठात इंग्रजी साहित्याची जागा. त्याच वर्षी त्याने जपानी नागरिकत्व घेतले, बायकामुलांचा वारसा सुरक्षित राहावा म्हणून. पत्नीच्या घराण्याचे आडनाव कोइझुमी घेतले आणि नाव घेतले याकुमो. अर्थ, आठपदरी ढग; इझुमो प्रांताचे ते जुने काव्यातले विशेषण आहे. पंधरा महिने जेथे मास्तरकी केली तो मुलूखच त्याने नाव म्हणून लावला.

यातून एक पेच निर्माण झाला. जपानी झालेल्या माणसाला पगार परदेशी तज्ज्ञाचा द्यावयाचा की जपानी शिक्षकाचा? ही धास्ती त्याला कायम होती. १९०३ साली विद्यापीठाने करार पुढे चालवला नाही. विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला, उपयोग झाला नाही. ज्यांना त्याच्या जागी नेमले त्यांत नात्सुमे सोसेकी होते, पुढे जपानचे थोर कादंबरीकार झालेले. ते नुकतेच इंग्लंडहून परतले होते, आणि जाण्यापूर्वी त्यांनीही कुमामोतोच्या त्याच शाळेत इंग्रजी शिकवले होते. हा अन्याय होता काय? हर्नच्या घरातून पाहिले तर होताच. पण आपल्या मुलांना इंग्रजी आपल्याच माणसांनी शिकवावे, याचसाठी तर जपानने परदेशी मास्तर पगार देऊन आणले होते.

२६ सप्टेंबर १९०४ रोजी हर्न वारला. मात्सुएत किल्ल्याच्या खंदकाकाठचे त्याचे भाड्याचे घर बागेसह जतन केलेले आहे. त्याची कबर तोक्योच्या झोशिगाया दफनभूमीत आहे, दगडावर कोइझुमी याकुमो हे नाव. त्याच दफनभूमीत नात्सुमे सोसेकीही आहेत.