मोटारीची मागील काच व तिचें तुटलेलें टर्मिनल

गतवर्षीं श्रावणांतील एका पहाटे भाजीचीं ओलीं पोतीं भरून आम्ही मोटार अंगणांतून मागें घेत होतों. मागील काच आंतून वाफेनें पांढरी झाली होती. काच तापविण्याचें बटण दाबलें, त्याचा दिवाहि लागला, पण काच कांहीं निवळेना. इतक्यांत गड्यानें ओरडून थांबविलें. दावें तोडून आलेली कालवड चाकापासून हातभर अंतरावर उभी होती. खालीं उतरून पाहतों तों काचेच्या कडेचें टर्मिनल निखळून तार लोंबत असलेली दिसली. पोतें ओढतांना तिला हिसका बसला असावा.

अशा वेळीं संबंध काचच बदलण्याचा सल्ला पुष्कळदां मिळतो. आम्हांसहि तोच मिळाला. परंतु काच शाबूत असल्यास तसें करण्याचें बहुधा कारण नसतें, हें शेतकरीबंधूंच्या ध्यानांत आणून देण्यासाठीं हा लेख आहे. बालाघाटाच्या माथ्यावरील पाटोदा असो कीं गोदाकांठची गेवराई असो, पावसाळ्यांत काच धुरकटण्याचा अनुभव मोटार बाळगणाऱ्या सर्वांस आहे. दिवाळीनंतर उंसाच्या गाड्या व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. अशा वेळीं धुळे-सोलापूर महामार्गावर मागून येणारी मालमोटार न दिसणें जिवावर बेतूं शकतें.

प्रथम काचेची रचना समजून घ्यावी. आंतील माणसांच्या श्वासाची व ओल्या मालाची वाफ थंड काचेस लागून तिचें पाणी होतें. तें उडविण्यासाठीं काचेच्या आंतील अंगास बारीक आडव्या रेघा असतात. ह्या तारा नव्हेत. चांदी मिसळलेला लेप काचेवर भाजून त्या केलेल्या असतात. दोन्ही कडांस एकेक उभी रुंद पट्टी असते व तिच्यावर डाख देऊन टर्मिनल बसविलेलें असतें. १२ व्होल्टची वीज एका पट्टींतून शिरून सर्व रेघांतून दुसऱ्या पट्टीकडे जाते व वाटेंत रेघा तापतात. हा प्रवाह सामान्यतः १० ते २० अँपिअर असतो; १५ अँपिअर धरल्यास १८० वॅट होतात. सबब टर्मिनलचा सांधा नांवापुरता चिकटलेला असून चालत नाहीं. तो कच्चा असल्यास स्वतःच तापून पुन्हां सुटतो. एक टर्मिनल निघालें कीं सर्व रेघा एकदम बंद पडतात. एकच रेघ बंद असल्यास दोष त्या रेघेंत आहे असें समजावें.

दुरुस्तीपूर्वीं परीक्षा करावी. इंजिन व बटण चालू ठेवून १२ व्होल्टच्या तपासणीदिव्याचें एक टोंक मोटारीच्या उघड्या लोखंडास व दुसरें वीज आणणाऱ्या तारेस लावावें. दिवा न लागल्यास दोष फ्यूज, रिले किंवा तारेंत आहे. काचेस हात लावूं नये. दिवा लागला तर पुढील कामास हरकत नाहीं. मात्र तत्पूर्वीं बटण व इंजिन बंद करावें.

येथें दोन चुका हटकून होतात. पहिली, एका थेंबांत चिकटणारा गोंद लावणें. तो टर्मिनल धरतो, पण वीज वाहूं देत नाहीं. दुसरी, कल्हईवाल्याच्या रीतीनें नवसागर लावून साधा डाख देणें. वितळलेलें कथील काचेवरील चांदी विरघळवून टाकतें, नवसागर सांधा खातो, आणि एकाच जागीं जास्त उष्णता लागली तर कडक केलेली काच क्षणांत चुरा होते. चांदीमिश्रित डाखानें हें काम होतें, परंतु तें सरावलेल्या हातानेंच करावें.

घरीं करण्यास चांदीचा चुरा असलेला, दोन भागांचा वीजवाहक इपॉक्सी गोंद उत्तम. टर्मिनलवरील जुना डाख बारीक कानशीनें साफ करावा. काचेवरील पट्टी मात्र खरवडूं नये, कारण तिचा थर अतिशय पातळ असतो. ती स्पिरिटच्या फडक्यानें हलकेच पुसावी. वेष्टनावरील प्रमाणांत गोंद कालवून टर्मिनल जागच्या जागीं बसवावें व चिकटपट्टीनें दाबून ठेवावें. पुष्कळ गोंदांस पक्के होण्यास २४ तास लागतात. वेष्टनावरील मुदत पुरी होईपर्यंत तार जोडूं नये. नंतर टर्मिनल एका हातानें धरून दुसऱ्या हातानें तार बसवावी, व तिला ताण पडणार नाहीं इतकी ढिलाई ठेवावी.

ओलसर सकाळीं बटण दाबून पाहावें. थोड्याच मिनिटांत प्रत्येक रेघेभोंवतीं काच निवळूं लागली म्हणजे काम साधलें. उभी पट्टीच उखडली असेल किंवा काचेस तडा असेल तर मात्र काच बदलणें प्राप्त आहे.

पुढें काळजी एवढीच कीं, पोतीं व अवजारें काचेस टेकवूं नयेत आणि काच पुसतांना फडकें रेघांच्या दिशेनेंच फिरवावें. आमचें टर्मिनल ह्या रीतीनें बसविल्यास वर्ष होत आलें. तें अद्याप पक्कें आहे. तरी मोटार मागें घेण्यापूर्वीं आम्ही आतां एकदां खालीं उतरून पाहतों. ती कालवड गाभण आहे.