अमेरिकेच्या इतिहासातील अपुरे वळण : पुनर्रचनेचा काळ

अमेरिकेच्या इतिहासातील निर्णायक वळणे सांगताना १७७६चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १८६१ ते १८६५चे यादवी युद्ध यांचा उल्लेख प्रथम होतो. परंतु तिथल्या नागरिकत्वाची आजची कल्पना ज्या काळात आकाराला आली, तो काळ युद्धानंतरच्या बारा वर्षांचा आहे. १८६५ ते १८७७ या कालखंडाला इतिहासकार ‘पुनर्रचनेचा काळ’ म्हणतात, कारण फुटून निघालेल्या दक्षिणेकडील अकरा राज्यांना संघराज्यात पुन्हा सामावून घेणे आणि गुलामगिरीतून सुटलेल्या सुमारे चाळीस लाख माणसांना नागरिक म्हणून उभे करणे, ही दोन्ही कामे त्या काळात एकाच वेळी हाती घेतली गेली.

१७८७च्या राज्यघटनेने गुलामगिरीला आश्रय दिला होता. प्रतिनिधीगृहातील जागा ठरवताना गुलामांची गणना तीन-पंचमांश या प्रमाणात होत असे, त्यामुळे ज्यांना मत नव्हते त्यांच्याच संख्येवर त्यांच्या मालकांचे राजकीय बळ वाढत गेले. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी कृष्णवर्णीय व्यक्ती अमेरिकेची नागरिक होऊच शकत नाही, असा निर्णय दिला. नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू देण्यास विरोध करणारे अब्राहम लिंकन १८६०मध्ये निवडून येताच दक्षिणेची राज्ये फुटू लागली आणि त्यातून पेटलेल्या युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. लिंकन यांनी १ जानेवारी १८६३ रोजी काढलेली मुक्तीची घोषणा केवळ बंडखोर प्रदेशांपुरती होती, म्हणून गुलामगिरी कायमची नाहीशी करण्यासाठी राज्यघटनाच बदलणे आवश्यक ठरले.

हा बदल तीन दुरुस्त्यांनी झाला. १८६५च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी रद्द केली, १८६८च्या चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्वाची व्याख्या केली आणि १८७०च्या पंधराव्या दुरुस्तीने वंश वा वर्ण यांच्या आधारे मताधिकार नाकारण्यास मनाई केली. यांतील चौदावी सर्वांत दूरगामी ठरली. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेली आणि तिच्या कायद्याच्या कक्षेत येणारी व्यक्ती तिची नागरिक आहे, तसेच कोणतेही राज्य आपल्या हद्दीतील कोणालाही कायद्याचे समान संरक्षण नाकारू शकत नाही, असे तिने ठरवले. तोपर्यंत हक्कांची सनद केवळ केंद्रसत्तेवर बंधनकारक होती. आता राज्यांच्या अन्यायाविरुद्धही घटनेचा आधार घेण्याचा मार्ग नागरिकांना खुला झाला.

या तरतुदींची फळे लवकर दिसली. १८६७च्या कायद्यांनी दक्षिणेतील दहा राज्ये लष्करी देखरेखीखाली आणून कृष्णवर्णीय पुरुषांच्या मतदानासह नव्या राज्यघटना करणे त्यांना भाग पाडले. बंडखोर राज्यसंघाचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस पूर्वी ज्या मिसिसिपीतून सेनेटवर गेले होते, तिथूनच १८७०मध्ये हायरम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय सदस्य सेनेटमध्ये पोहोचले. दक्षिणेत सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांचा पाया याच वर्षांत घातला गेला. फिस्क आणि हॉवर्ड ही विद्यापीठेही तेव्हाच उभी राहिली, आणि फिस्कच्या विद्यार्थी गायकांनी १८७१पासून दौरे काढून गुलामांच्या वस्त्यांतील भक्तिगीते उत्तर अमेरिकेत आणि युरोपात पोहोचवली.

मात्र मुक्त झालेल्यांना जमीन मिळाली नाही. युद्धाच्या अखेरीस काही भागांत वाटलेली जमीन अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी जुन्या मालकांना परत दिली आणि मजुरांच्या वाट्याला बटाईची शेती व सावकाराचे कर्ज आले. कू क्लक्स क्लॅनसारख्या टोळ्यांनी मतदारांवर प्राणघातक हल्ले केले. त्यांना रोखणारे कायदे १८७० व १८७१मध्ये झाले, पण १८७३च्या आर्थिक मंदीनंतर उत्तरेची इच्छाशक्ती ओसरली. १८७६च्या वादग्रस्त अध्यक्षीय निवडणुकीनंतर झालेल्या तडजोडीत रदरफर्ड हेज यांना अध्यक्षपद मिळाले आणि दक्षिणेतील सरकारांना असलेला लष्कराचा आधार काढून घेण्यात आला. १८९६च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाखाली वर्णभेदाला मान्यता दिली. मतदानासाठी कर आणि साक्षरतेची परीक्षा अशा अटींमुळे लुइझियानात १८९६ साली नोंदलेले एक लाख तीस हजारांहून अधिक कृष्णवर्णीय मतदार १९०४पर्यंत अवघे १,३४२ उरले.

या माघारीनेही अमेरिकेची संस्कृती घडवली. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क अशा शहरांत गेले. त्यांच्यासोबत ब्लूज आणि जॅझ उत्तरेत रुजले, हार्लेममध्ये साहित्याची नवी चळवळ उभी राहिली आणि शहरांचे राजकारण पालटले. थरगुड मार्शल यांच्यासारख्या वकिलांनी चौदाव्या दुरुस्तीचाच आधार घेतला आणि १९५४च्या ब्राउन खटल्यात शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवून घेतला. माँटगोमेरी ते सेल्मा अशा जनआंदोलनांच्या दबावाखाली १९६४चा नागरी हक्क कायदा आणि १९६५चा मतदान हक्क कायदा झाला.

महाराष्ट्राशीही या काळाचे नाते आहे. पुनर्रचना चालू असतानाच, १८७३मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी जनतेला अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले, पुढे भारतीय राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, आणि त्या घटनेच्या चौदाव्या अनुच्छेदातील ‘कायद्याचे समान संरक्षण’ ही तरतूद अमेरिकेच्या चौदाव्या दुरुस्तीवर आधारलेली आहे.

पंधराव्या दुरुस्तीने दिलेला मताधिकार पूर्णपणे प्रत्यक्षात येण्यास पंचाण्णव वर्षे लागली, आणि त्या काळात दुरुस्तीचे एक अक्षरही बदललेले नव्हते. घटनेतील हक्क राखण्यासाठी जमिनीचा आधार, निःपक्ष न्यायालये आणि ठाम सरकार यांची जोड लागते. ती तुटली की मिळवलेले हक्कही परत घेतले जातात, हा पुनर्रचनेच्या काळाचा धडा प्रत्येक लोकशाहीने लक्षात ठेवला पाहिजे.