शौर्यपदकांचा दबदबा

परमवीर चक्र आजवर 21 जणांना मिळालं; त्यांतले 14 मरणोत्तर. ब्रिटनचा 1856 पासूनचा व्हिक्टोरिया क्रॉस तेराशेहून अधिक वेळा दिला गेला. पण नुसत्या आकड्यांवरून पदकाची पत ठरवणं फसवं.

अमेरिकेचं मेडल ऑफ ऑनर साडेतीन हजारांच्या आसपास. यादवी युद्धात ते फारच सैल हातानं वाटलं गेलं. सेवेची मुदत संपल्यावरही राजधानीच्या रक्षणाला थांबा, पदक घ्या, असा सौदा झाला आणि मेन राज्याच्या 27व्या रेजिमेंटमधल्या 864 जणांच्या नावे ते निघालं, घरी परतलेल्यांच्याही! 1917 मध्ये झाडाझडती होऊन 911 नावं खोडली गेली. आजचा दरारा त्यानंतरचा.

अशा पदकांचे मानकरी आपल्याकडेही आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कारवारच्या राम राघोबा राण्यांना 1948 च्या पराक्रमासाठी परमवीर चक्र मिळालं, तेही हयातीत.