औषध माहिती स्रोत

औषध माहिती स्रोत म्हणजे औषधांचे घटक, मात्रा, उपयोग, दुष्परिणाम, आंतरक्रिया, साठवण, दर्जा आणि किंमत यांविषयीची माहिती पुरवणारे ग्रंथ, नियतकालिके, विदासंच, शासकीय सूचना आणि सल्लाकेंद्रे होत. औषध दुकानात किंवा रुग्णालयात काम करणाऱ्या फार्मासिस्टला रुग्णांच्या व डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरे देताना या स्रोतांचा आधार घ्यावा लागतो. भारतात 'फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५' या नियमांनी नोंदणीकृत फार्मासिस्टवर रुग्णसमुपदेशनाची जबाबदारी सोपवली आहे. त्यामुळे योग्य स्रोत शोधणे आणि त्याची विश्वासार्हता तपासणे हा औषधव्यवसायाचा आवश्यक भाग ठरतो. कोणताही एकच स्रोत सर्व प्रश्नांना पुरा पडत नाही. प्रश्नाच्या स्वरूपानुसार स्रोत निवडावा लागतो.

इतिहास

औषधांची माहिती एकत्रित देणाऱ्या ग्रंथांची परंपरा जुनी आहे. विल्यम मार्टिंडेल यांचा 'एक्स्ट्रा फार्माकोपिया' हा संदर्भग्रंथ १८८३ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. 'मार्टिंडेल' या नावाने तो आजही वापरात आहे. 'ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरी' १९४९ पासून निघू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर नव्या औषधांची संख्या वेगाने वाढली आणि एका व्यक्तीला सर्व माहिती लक्षात ठेवणे अशक्य झाले. १९६२ मध्ये अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात पहिले औषध माहिती केंद्र सुरू झाले. गर्भवतींनी घेतलेल्या थॅलिडोमाइडमुळे अर्भकांमध्ये जन्मजात व्यंगे निर्माण झाल्याचे त्याच सुमारास उघड झाले होते. औषधाविषयीची माहिती वेळेवर न पोहोचण्याचे परिणाम किती गंभीर असतात, हे त्यातून जगासमोर आले.

भारतात 'इंडियन फार्माकोपिया'ची पहिली आवृत्ती १९५५ मध्ये आणि 'नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया'ची पहिली आवृत्ती १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. फॉर्म्युलरीची तिसरी आवृत्ती १९७९ मध्ये निघाली, पण चौथी त्यानंतर तब्बल ३२ वर्षांनी, २०११ मध्ये आली. पाचवी आवृत्ती २०१६ मध्ये व सहावी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. मधल्या दीर्घ खंडाच्या काळात बाजारात आलेल्या औषधांसाठी दुकानदारांना व्यापारी सूचींवर किंवा कंपन्यांच्या पत्रकांवर अवलंबून राहावे लागे.

वर्गीकरण

औषध माहिती स्रोतांचे सामान्यतः तीन वर्ग केले जातात.

प्राथमिक स्रोत: मूळ संशोधन जेथे प्रथम प्रसिद्ध होते ते लेख. वैद्यकीय चाचण्या, रुग्णांच्या नोंदी आणि निरीक्षणे यांचा यात समावेश होतो. माहिती सर्वांत ताजी असते, पण तिचा अर्थ लावण्याचे काम वाचकाला स्वतः करावे लागते.

द्वितीयक स्रोत: प्राथमिक लेख शोधून देणारे सूचिसंच. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा 'पबमेड' हा १९९६ पासून उपलब्ध असलेला विनामूल्य संच या वर्गातील सर्वाधिक परिचित होय.

तृतीयक स्रोत: पाठ्यपुस्तके, फॉर्म्युलरी, औषधसूची आणि संकलित विदासंच. ते वाचण्यास सोपे असल्याने शोधाची सुरुवात बहुधा येथून होते. लेखन, संपादन व छपाईत वेळ जात असल्याने ते मागे पडण्याची शक्यताही सर्वाधिक असते.

महाडचे उदाहरण

नवे ज्ञान प्राथमिक स्रोतांतून तृतीयक स्रोतांपर्यंत कसे पोहोचते, याचे एक उदाहरण रायगड जिल्ह्यातील महाड येथे आढळते. कोकणात लाल विंचवाचा दंश झाल्यावर रुग्णाच्या शरीरात ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये मोठ्या प्रमाणात स्रवतात, रक्तदाब वाढतो आणि फुप्फुसांत पाणी साचून मृत्यू ओढवू शकतो. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण रुग्णालयात अशा रुग्णांची निरीक्षणे नोंदवली. उच्च रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध या स्थितीत उपयोगी पडते, हे त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकातून मांडले. हा उपचार पाठ्यपुस्तकांत नंतर आला. त्यापूर्वी केवळ पाठ्यपुस्तक पाहणाऱ्याला तो सापडला नसता.

पुढे २०११ मध्ये 'बीएमजे' या नियतकालिकात त्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत ७० रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले होते. एका गटाला केवळ प्राझोसिन, तर दुसऱ्याला प्राझोसिनसह विंचूदंशाची प्रतिलस देण्यात आली. दहा तासांत पूर्ण बरे झालेल्यांची संख्या प्रतिलस मिळालेल्या गटात ३५ पैकी ३२, तर दुसऱ्या गटात ३५ पैकी ८ होती. गट यादृच्छिक पद्धतीने केलेले असणे ही या चाचणीची जमेची बाजू आहे. रुग्णांची मर्यादित संख्या, आणि कोणाला कोणता उपचार मिळाला हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही ठाऊक असणे, या तिच्या मर्यादा आहेत. प्राथमिक लेख वाचताना दोन्ही बाजूंची अशी नोंद घेणे अपेक्षित असते.

माहिती शोधण्याची पद्धत

औषधविषयक प्रश्नाचे उत्तर शोधण्याची क्रमबद्ध पद्धत १९७५ मध्ये वातानाबे व सहकाऱ्यांनी मांडली. पुढे तिच्यात सुधारणा झाल्या. तिचे मुख्य टप्पे असे:

१. प्रश्न कोण विचारत आहे आणि का, हे समजून घेणे.
२. रुग्णाचे वय, वजन, गर्भारपण अथवा स्तनपान, मूत्रपिंड व यकृताचे आजार आणि चालू असलेली इतर औषधे यांची माहिती घेणे.
३. मूळ प्रश्न निश्चित करून त्याचा प्रकार ठरवणे.
४. तृतीयक, द्वितीयक व प्राथमिक या क्रमाने शोध घेणे.
५. सापडलेल्या माहितीचे मूल्यमापन करून उत्तर देणे.
६. उत्तराची नोंद ठेवणे व पाठपुरावा करणे.

या टप्प्यांतील दुसरा सर्वांत जास्त वेळा वगळला जातो. समजा, शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या इनामगावासारख्या गावात एखादे पालक सर्दीचे औषध मागण्यासाठी दुकानात आले. औषध तीन वर्षांच्या मुलासाठी हवे आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. क्लोरफेनिरामाइन व फिनाइलेफ्रिन यांचे ठरावीक मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा निर्देश भारताच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. त्यापूर्वी छापलेल्या सूचीत ही सूचना मिळणार नाही. अशा वेळी जुन्या सूचीतील मात्रा पाहून दिलेले उत्तर चुकीचे ठरते आणि त्याचा धोका त्या मुलाला असतो.

शोध घेताना नावांतील फरकही लक्षात ठेवावे लागतात. भारतातील पॅरासिटामॉल अमेरिकी स्रोतांत ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल हे अल्ब्युटेरॉल आणि ॲड्रेनलिन हे एपिनेफ्रिन या नावाने आढळते. भारतात विकली जाणारी अनेक संयुक्त औषधे परदेशात नसल्याने तेथील विदासंचांत ती सापडत नाहीत. त्यामुळे शोध नेहमी व्यापारी नावाऐवजी घटकांच्या नावाने घ्यावा लागतो.

स्रोतांचे मूल्यमापन

स्रोत विश्वासार्ह आहे की नाही हे ठरवताना पुढील बाबी पाहिल्या जातात.

लेखक व प्रकाशक: माहिती कोणी लिहिली, त्या व्यक्तीची पात्रता काय आणि संपादकीय तपासणी झाली आहे काय, हे पाहावे.

दिनांक: माहिती केव्हा अद्ययावत झाली, हे ग्रंथाच्या आवृत्तीवरून अथवा पानावरील दिनांकावरून कळते. केंद्र शासनाने मार्च २०१६ मध्ये ३४४, सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ संयुक्त औषधांवर बंदी घातली. त्यांपैकी काही आदेशांना न्यायालयात आव्हानही दिले गेले. त्यामुळे एखाद्या औषधाची सद्यस्थिती जुन्या यादीवरून ठरवता येत नाही.

हितसंबंध: कंपन्यांच्या प्रतिनिधींकडून मिळणारी पत्रके उपयुक्त असली तरी त्यांचा हेतू विक्रीवाढीचा असतो. मार्च २०२४ मध्ये जाहीर झालेल्या औषध विपणनाच्या एकसमान संहितेनुसार 'सुरक्षित' हा शब्द कोणत्याही स्पष्टीकरणाविना वापरता येत नाही. तसेच एक वर्षाहून अधिक काळ भारतात उपलब्ध असलेल्या औषधाला 'नवीन' म्हणता येत नाही. पत्रक तपासण्यासाठी हे दोन निकष सोपे आहेत.

आकड्यांची मांडणी: 'धोका ५० टक्क्यांनी कमी' हे विधान १००० पैकी २ ऐवजी १ रुग्ण आजारी पडला तरी खरे ठरते आणि ४०० ऐवजी २०० पडले तरीही. मूळ संख्या दिलेली नसल्यास अशा विधानावरून निष्कर्ष काढू नये.

स्थानिक लागूपणा: परदेशी ग्रंथातील मात्रा, ताकद व औषधाचे स्वरूप भारतीय बाजारातील उत्पादनाशी जुळते काय, हे तपासावे.

दोन स्वतंत्र स्रोत एकच गोष्ट सांगत असल्यास विश्वास वाढतो. मात्र दोन्ही स्रोतांनी तिसऱ्याच एका लेखाची नक्कल केलेली असेल, तर तो एकच स्रोत मानावा लागतो.

औषधाच्या दर्जाविषयीची माहिती

औषधाचे गुणधर्म ग्रंथांत मिळतात, परंतु हातातील बाटली दोषमुक्त आहे काय, हे कोणताही ग्रंथ सांगू शकत नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले ग्लिसरॉल दिल्याने १४ रुग्णांचा मृत्यू झाला. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. ग्लिसरॉलची ग्रंथांतील माहिती अचूक होती. दोष पुरवठा झालेल्या औषधात होता.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातील बालमृत्यूंनंतर कोल्ड्रिफ या खोकल्याच्या औषधाच्या एसआर-१३ या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल आढळले. आजारी मुलांपैकी अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या बॅचची विक्री व वापर थांबवण्याची सूचना दिली. अशा प्रसंगी प्रशासनाची सूचना आणि वेष्टनावरील बॅच क्रमांक हेच निर्णायक स्रोत ठरतात. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना निकृष्ट ठरलेल्या नमुन्यांची यादी दरमहा प्रसिद्ध करते. १ ऑगस्ट २०२३ पासून उत्पादित होणाऱ्या ३०० निवडक ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक आहे. त्यातून उत्पादक, बॅच क्रमांक व मुदत पडताळता येते.

भारतातील उपयुक्त स्रोत

मात्रा व उपयोगासाठी 'नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया' आणि दर्जाच्या मानकांसाठी 'इंडियन फार्माकोपिया' हे अधिकृत ग्रंथ आहेत. ते गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग प्रसिद्ध करतो. दुष्परिणामांची नोंद करण्यासाठी २०१० मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम असून त्याचा निःशुल्क क्रमांक १८०० १८० ३०२४ आहे. विषबाधेसाठी नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय विषमाहिती केंद्र आहे (१८०० ११६ ११७). किमतींसाठी राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाचे 'फार्मा सही दाम' हे साधन वापरता येते. स्तनपानातील औषधांसाठी 'लॅक्टमेड' हा अमेरिकी विदासंच विनामूल्य आहे. महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलही राज्यातील फार्मासिस्टसाठी औषध माहिती केंद्र चालवते.

ग्रामीण भागातील मर्यादा

शिरूर व दौंडसारख्या शेतीप्रधान तालुक्यांत कीटकनाशकांची विषबाधा, सर्पदंश आणि विंचूदंश यांविषयीचे प्रश्न दुकानांपर्यंत येतात. अशा रुग्णाला तातडीने रुग्णालयात पाठवणे हेच पहिले काम असते. माहितीचा शोध त्यासाठी थांबवून ठेवता येत नाही. सोबत कीटकनाशकाचा डबा अथवा त्यावरील घटकाचे नाव पाठवल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा वेळ वाचतो.

बहुतेक अधिकृत स्रोत व वेष्टनातील पत्रके इंग्रजीत असल्याने ती समजावून सांगण्याचे काम मराठी भागात फार्मासिस्टकडे येते. 'दिवसातून तीनदा' म्हणजे साधारण आठ तासांच्या अंतराने, किंवा 'उपाशीपोटी' म्हणजे जेवणापूर्वी किती वेळ, हे सांगितले नाही तर अचूक स्रोतातून मिळालेली माहितीही रुग्णाच्या उपयोगी पडत नाही. उत्तर खात्रीने माहीत नसल्यास तसे सांगून, शोध घेऊन किंवा डॉक्टरांना विचारून नंतर कळवणे हे अंदाजाने उत्तर देण्यापेक्षा योग्य मानले जाते.