पुराच्या पाण्याचा जमाखर्च

पावसाळा तोंडावर आला की नालेसफाईच्या बातम्या येतात. दोन मोठ्या सरी पडल्या की पाणी पुन्हा वस्तीतल्या घरांत. हे पाणी येते कोठून आणि अडविता येते किती, याचा हिशोब कोणी मागत नाही. बंधू-भगिनींनो, तो आपण मागितला पाहिजे.

हिशोब अवघड नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचे हजार चौरस मीटरचे पटांगण घ्या. तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ५० हजार लिटर जमा. पटांगण काँक्रीटचे असेल तर जवळजवळ सगळे पाणी लगेच गटारात. आता त्यातील १०० चौरस मीटर जागा ३० सेंटिमीटर खोल करून झाडे लावा आणि पटांगणाचा उतार तिकडे द्या. त्या खोलगट बागेत ३० हजार लिटर थांबेल. मुरेल ते वेगळे. गटाराच्या वाट्याला २० हजारच, आणि तेही उशिरा. पाणी एकदम येते म्हणून गटार ओसंडते. म्हणून हा उशीरच मोलाचा.

मुंबईचे जुने पर्जन्य नाले ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने आखले होते, आणि निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे धरले होते. शहर काँक्रीटचे झाले, मुरणे थांबले, नाले तेच राहिले.

असाच हिशोब अख्ख्या शहराचा, मिनिटामिनिटाने, संगणकावर मांडतात. त्याला मॉडेल म्हणतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे असे एक मॉडेल १९७१ पासून चालत आले आहे. ते फुकट मिळते. त्यात पाऊस, उतार, काँक्रीट, नाल्याची रुंदी भरायची. मग खोलगट बागा, शोषखड्डे, पाणी झिरपणारी फरशी घालून पाहायची. पूर किती उतरेल ते खोदण्याआधीच कळते.

मात्र कोणी 'झाडे लावा, पूर जाईल' म्हणाले तर विश्वास ठेवू नका. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी आपल्या पटांगणावर ९ लाख ४४ हजार लिटर पडले असते. बाग त्यातले जेमतेम तीन टक्के धरती. भरतीला समुद्र नाल्याचे तोंड दाबतो, तेव्हाही बाग एकटी पुरत नाही. नेहमीच्या सरींना बागा. महापुराला रुंद नाले, पंप आणि वेळेवर इशारा. दोन्ही हवे.

आणखी एक गोष्ट. मॉडेल खरे की खोटे, हे प्रत्यक्ष पुराच्या नोंदींशी ताडून पाहतात. ज्या गल्लीची नोंद नाही, ती गल्ली कागदावर कोरडी राहू शकते, आणि कोरड्या गल्लीसाठी निधी कोण देणार? म्हणून आमची विनंती आहे. यंदा प्रत्येक गल्लीतील शिकत्या मुला-मुलींनी वही घालावी. पाणी किती वाजता आले, भिंतीवर किती इंच चढले, किती वाजता ओसरले, हे तारखेसह लिहावे. भिंतीवर खूण करावी. पावसाळा संपला की सह्यांनिशी त्याची प्रत वॉर्ड ऑफिसात देऊन पोच घ्यावी. तोंडी तक्रार हवेत विरते; पोच घेतलेला कागद जपून ठेवता येतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पुढे करता येतो.