तक्त्यातली पेशी, कांद्यातली पेशी

पुण्याच्या बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौक शालेय पुस्तकांसाठी प्रसिद्ध आहे. अशा पुस्तकांतल्या पेशीच्या चित्रात केंद्रक, तंतुकणिका, रायबोसोम, हरितलवके असे सारे एकत्र असते. वर्गात मात्र आपण कांद्याचा पातळ पापुद्रा आयोडीन लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, तेव्हा विटांसारख्या रचलेल्या पेशीभित्तिका आणि तपकिरी केंद्रके एवढेच दिसते. बाकीचे भाग गेले कुठे?

हरितलवके तिथे नसतातच. त्यांचे काम प्रकाशात अन्न तयार करण्याचे. कांद्याचे काम अन्न साठवण्याचे. पेशीची बरीचशी जागा व्यापणारी रिक्तिका असते, पण ती रंगहीन. तिच्यातल्या पाण्याच्या दाबामुळेच कांदा करकरीत राहतो. ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका असतात, पण त्या जेमतेम १ मायक्रोमीटर जाडीच्या आणि रंगहीन. प्रथिने बनवणारे रायबोसोम तर सुमारे २५ नॅनोमीटरचे. साध्या सूक्ष्मदर्शकाला २०० नॅनोमीटरहून लहान गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

थोडक्यात, पुस्तकातले चित्र कोणत्याही एका पेशीचे नसते. जसे काम, तसे भाग. म्हणून विद्यार्थ्याने वहीत फक्त भित्तिका आणि केंद्रक काढले, तर आपण त्याचे गुण कापू नयेत. त्याने जे पाहिले, तेच काढले आहे.