विश्लेषण : हेलकावणाऱ्या बोटीचा संदेश उपग्रहापर्यंत कसा पोहोचवायचा?

सातपाटीची बोट खोल समुद्रात गेली, की खलाशांच्या मोबाइलची रेंज जाते. तिथे उपयोग उपग्रहाचा. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्येच पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते मासेमारी बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याची देशव्यापी योजना सुरू झाली. १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १ लाख बोटी, खर्च सुमारे ३६० कोटी रुपये. इस्रोच्या या तंत्रज्ञानाने संदेश दोन्ही बाजूंनी जातो.

अडचण काय?

भूस्थिर उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. बोट मात्र लाटांवर सतत कलते. अँटेनाचा झोत अरुंद ठेवला, तर संदेश जोरात जातो. पण बोट कलली की नेम चुकतो. रुंद झोताचा नेम सहसा चुकत नाही, पण ताकद विखुरते. मोठ्या जहाजांवर घुमटाखाली मोटारीने फिरणारी डिश असते. लहान बोटीला ती परवडणारी नाही.

मग पर्याय?

रिकॉन्फिगरेबल अँटेना, म्हणजे न हलता स्वतःची रचना बदलणारा. धातूच्या पट्ट्यांमध्ये पिन डायोड बसवतात. विद्युतप्रवाह दिला की पट्ट्या जोडल्या जातात, थांबवला की सुटतात. त्यामुळे अँटेनावरील प्रवाहाची वाट बदलते आणि झोताची दिशा किंवा वारंवारता बदलते. बोटीचा कल मोजणारा सेन्सर सोबत असेल, तर झोत क्षणात उपग्रहाकडे वळवता येतो.

याच कल्पनेचा धाकटा भाऊ आपल्या खिशात आहे. ७०० मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी सुमारे १०.७ सेंटिमीटर, तर ३३०० मेगाहर्ट्झला जेमतेम २.३. तारापूर एमआयडीसीत पाळीला निघालेल्या कामगाराचा फोन बोईसर येईपर्यंत अनेकदा बँड बदलतो. प्रत्येक बँडसाठी वेगळा अँटेना मावणार कुठे? म्हणून अनेक फोनमधले ट्यूनर स्विच एकाच पट्टीची ‘विद्युत लांबी’ बदलतात.

बोटीवर सोपे का नाही?

डायोड स्वतः थोडी ऊर्जा खातो. त्याला चालवणाऱ्या तारा झोतात ढवळाढवळ करतात. शिवाय खारे वारे सांधे गंजवतात. प्रयोगशाळेच्या बंद खोलीत लाट नसते, त्यामुळे तिथले आलेख नेहमीच देखणे. राज्यातील पावसाळी मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते, तेव्हाही समुद्र खवळलेलाच असतो. अशा अँटेनाची चाचणी त्याच दिवसांत, सातपाटीच्या बोटीवर व्हायला हवी.